पेट्रोल गाडीला सीएनजी किट: ११ महिने आणि १२,४०० किलोमीटरनंतरचा हिशेब

गाडी २०१८ ची, १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४. किट सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं), डिकीत आडवी बसवलेली ६० लिटरची टाकी. वापर पुण्यातला: कोथरूड ते हिंजवडी रोज जाऊन-येऊन ३४ किलोमीटर, त्यावर भाजी-दवाखाना-क्लास अशा घरच्या फेऱ्या, आणि अधूनमधून सातारा-कोल्हापूर. किट बसवलं तेव्हा मीटरवर ६१,३०० होते, आज ७३,७०० आहेत. गॅस आणि पेट्रोलच्या प्रत्येक भरण्याची नोंद ठेवली आहे, खालचे आकडे त्या वहीतले आहेत.

आधी निकाल. पैसे वाचतात. पण किट विकणारा कागदावर जे गणित मांडून दाखवतो, त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त वाचतात. किटमध्ये खोट आहे म्हणून नव्हे. आपण गाडी ज्या फेऱ्यांना बाहेर काढतो, त्यातल्या कितीतरी फेऱ्यांत ती गॅसवर जातच नाही, म्हणून.

१२,४०० पैकी १०,९०० किलोमीटर गॅसवर झाले. त्याला ४९३ किलो गॅस लागला, म्हणजे किलोला २२.१ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज. उरलेले १,५०० किलोमीटर पेट्रोलवर गेले आणि त्यांनी ११५ लिटर पेट्रोल प्यायलं. हिशेबाला पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९२ रुपये धरलं आहे, तुमच्या गावचे आजचे दर घालून बघा. इंधनाचा एकूण खर्च ५७,३०० रुपये, किलोमीटरला ४ रुपये ६२ पैसे. हीच गाडी किटच्या आधी एसी लावून शहरात लिटरला १४.८ देत होती, त्या हिशेबाने नुसत्या पेट्रोलवर ८७,१०० झाले असते. फरक २९,८०० चा. त्यातून किटमुळे वाढलेली देखभाल ३,९०० आणि विम्याचा वाढीव हप्ता करासह सुमारे २,८०० वजा केला, तर हातात राहिले २३,१००. महिन्याला २,१००. किटचे ५८,००० आणि आरटीओची नोंद वगैरे ३,००० असे ६१,००० वसूल व्हायला २९ महिने लागतात. दुकानात “दीड वर्षात पैसे सुटतात” असं ऐकायला मिळतं, ते फक्त पल्ल्याच्या गाडीला लागू पडतं.

आता ते १,५०० किलोमीटर पेट्रोलवर का गेले, ते नीट समजून घ्या, कारण किट घ्यायचं की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

टाकीत गॅस २०० बारला भरलेला असतो. इंजिनला तो साधारण २ बारला लागतो. दाब उतरवायचं काम रिड्युसर करतो, आणि दाब एवढा झपाट्याने उतरला की गॅस प्रचंड थंड होतो. रिड्युसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. म्हणून सिक्वेन्शियल किटची गाडी नेहमी पेट्रोलवर सुरू होते आणि रिड्युसर तापला की आपोआप गॅसवर जाते. या गाडीत ते तापमान ३५ अंशांना लावलं आहे. डिसेंबरातल्या सकाळी गॅस लागेपर्यंत पावणेदोन-दोन किलोमीटर जातात, उन्हाळ्यात एक-सव्वा. ऑफिसच्या जाण्या-येण्यातल्या थंड स्टार्टमध्ये ११ महिन्यांत ७९० किलोमीटर असे पेट्रोलवर गेले. पेट्रोलची यंत्रणा सुस्थितीत राहावी म्हणून मुद्दाम चालवलेले २७०. आणि उरलेले ४४० हे घराजवळच्या फेऱ्यांचे: महिन्याला पंचवीसेक फेऱ्या, प्रत्येकी दीड-पावणेदोन किलोमीटर. गॅसचा दिवा लागायच्या आत मंडई येते. या फेऱ्यांना गाडीने लिटरला अकरा-साडेअकरा दिलं. थंड इंजिन, पहिला-दुसरा गियर, पार्किंगसाठी दोन चकरा, दुसरं होणार काय?

थोडक्यात, जिथे पायी किंवा सायकलने सहज जाता येतं, नेमकं तिथे किट काहीच वाचवत नाही. त्या ४४० किलोमीटरांचे जवळपास ४,००० रुपये कोणत्याही किटने परत मिळणार नाहीत. गाडी न काढणं हाच तिथला उपाय. निदान भाजी ऑफिसहून येताना घ्या. इंजिन तापलेलं असलं की वीस-पंचवीस मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलेली गाडी लगेच गॅसवर जाते.

आणखी एक गणित किटचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने करावं. याच गाडीत नुसत्या पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये पडतात. गाडीत दोघं बसले तर माणशी साडेतीन. म्हणजे एकट्याने सीएनजीवर जाण्यापेक्षा दोघांनी पेट्रोलवर जाणं स्वस्त पडतं, तेही ६१,००० न घालता आणि डिकी न गमावता. हिंजवडीच्या रस्त्यावर चार सीटच्या गाडीत एकटा माणूस, हे दृश्य सिग्नलला उभं राहून मोजण्यासारखं आहे. इंधन महाग झालं म्हणून आपण इंधन बदलतो, रिकाम्या तीन सीटा तशाच राहतात.

आता किट बसवण्याबद्दल. ब्रँडपेक्षा बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. किटला मान्यता आहे का ते आधी बघा. पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था ती देतात, आणि ती तुमच्या गाडीच्या मॉडेलला व इंजिनला लागू असावी लागते. बीएस-६ गाड्यांना बाहेरून किट बसवायची मुभा २०२२ मध्ये मिळाली, पण तिथेही मॉडेल यादीत हवंच. टाकीवर पेसोची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. टाकी बसवल्यावर ते कोरीव आकडे भिंतीकडे जाऊन दिसेनासे होतात, म्हणून बसवण्याआधी फोटो काढून ठेवा. टाकीचा नंबर, प्रमाणपत्रावरचा नंबर आणि भरण्याच्या तोंडाजवळच्या पट्टीवरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत.

बसवताना शक्यतो समोर उभे राहा. चार ठिकाणी नजर ठेवा. पहिलं, इनटेक मॅनिफोल्डला गॅसचे नोझल बसवायला भोकं पाडतात. मॅनिफोल्ड उतरवून पाडली तर ठीक. जागेवरच ड्रिल मारलं तर त्याचा चुरा सरळ इंजिनात जातो. वेळ वाचवायला अनेक जण जागेवरच मारतात, तिथे ठाम नाही म्हणा. भोकं पेट्रोल इंजेक्टरच्या जितकी जवळ तितकं बरं, आणि रेलपासून, म्हणजे गॅसच्या इंजेक्टरांच्या पट्टीपासून, नोझलपर्यंतचे चारही होज एकसारख्या लांबीचे व आखूड हवेत. एक लांब, एक आखूड असला की आयडलिंगला गाडी थरथरते आणि मग लोक महिनोन्‌महिने ट्यूनिंगवाल्याच्या मागे फिरत बसतात. दुसरं, रिड्युसर रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली आणि बॉडीला बसवलेला असावा, इंजिनला नव्हे. वर बसवला तर कूलंटमध्ये हवा अडकते, रिड्युसर तापत नाही आणि गाडी गॅसवर जायला उशीर करते. तिसरं, वायरचे जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवलेले हवेत, पीळ देऊन टेप गुंडाळलेले नकोत. पहिल्याच पावसाळ्यात फरक कळतो. ईसीयूचं, म्हणजे किटच्या संगणकाचं, कनेक्टर खाली तोंड करून बसवायला सांगा, म्हणजे पाणी साचत नाही. चौथं, टाकीचा स्टँड पत्र्याला स्क्रू मारून नव्हे, आरपार बोल्ट आणि खालून प्लेट देऊन बसवलेला असावा. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबर हवंच, नाहीतर घासून गंज धरतो.

टाकी आणि स्टँड मिळून सत्तर-पंचाहत्तर किलो होतात. मागे कायमचा एक माणूस बसवल्यासारखं समजा. मागच्या चाकांत हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावी लागते. चार माणसं आणि सामान असलं की सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं. डिकीत उरते ती दोन लॅपटॉप बॅगा आणि एका भाजीच्या पिशवीची जागा. स्टेपनी टाकीखाली असेल तर ती निघते का, हे दुकानातून बाहेर पडण्याआधी प्रत्यक्ष काढून बघा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्टँड न सोडवता ती निघत नाही. या गाडीतही निघत नाही, म्हणून पंक्चर किट आणि १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप कायम सोबत असतो.

ट्यूनिंग दोनदा लागतं. पहिल्या दिवशी उभ्या गाडीत होतं ते नुसतं प्राथमिक. खरं ट्यूनिंग रस्त्यावर, लॅपटॉप जोडून, चढ-उतार आणि एसी लावून होतं. गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं साधं ओबीडी स्कॅनर घेऊन स्वतः पडताळता येतं: इंजिन तापलेलं असताना एकाच वेगाला पेट्रोलवर आणि गॅसवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते बघा. दोन्हींत पाच टक्क्यांच्या आसपासचा फरक चालतो. गॅसवर तो पंधरा-वीसवर गेला तर किटमधला इंधनाच्या प्रमाणाचा नकाशा चुकला आहे, आणि थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागेल. १,००० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळून घ्यायचे आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. या गाडीत रिड्युसरच्या उच्चदाबाच्या नटावर साबणाचा एक बारीक फुगा हळूहळू मोठा होत गेला, फुटला, पुन्हा धरला. वास अजिबात येत नव्हता. पाव आट्याने बंद झाला. वास येत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका.

काय बिघडलं? ३,८०० किलोमीटरला मिसिंग (सिलिंडर मध्येच न पेटणं) सुरू झालं, तेही कात्रजच्या जुन्या घाटात, दुसऱ्या गियरला, एसी चालू, दोन हजार आरपीएमच्या आसपास. सपाटीला काही नाही. गॅसच्या मिश्रणाला पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगची गॅप मोठी असली की ओढीच्या वेळी ठिणगी चुकते. गॅप १.१ मिलिमीटर होती, नवे प्लग ०.८ ला लावले आणि त्रास संपला. हे किट बसवतानाच व्हायला हवं होतं. मिसिंग घेऊन तशीच गाडी रेटली की आधी इग्निशन कॉइल जाते, नंतर न जळलेला गॅस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतो, आणि मग वर्षाची सगळी बचत एका बिलात जाते.

९,६०० ला चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, इंधन कमी. कारण साधं होतं: रिड्युसर आणि रेल यांच्यामधला कमी दाबाचा फिल्टर तेलाने चिकट झालेला. पंपाच्या कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गॅसबरोबर येतंच. फिल्टर काही शे रुपयांचा आहे, १०,००० किलोमीटरला बदला. नाही बदलला तर तेच तेल इंजेक्टरच्या पिस्टनला चिकटतं आणि अख्खी रेल बदलावी लागते. एअर फिल्टरही पेट्रोलच्या वेळापत्रकाच्या निम्म्यावर बदला. व्हॉल्व्हचं म्हणाल तर अजून त्रास नाही, पण गॅसवर पेट्रोलसारखी ओल आणि थंडावा मिळत नसल्याने व्हॉल्व्हसीट झिजते. ज्या इंजिनांत टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) हाताने लावावे लागतात, त्यांत दर ४०,००० ला क्लिअरन्स, म्हणजे त्यांच्यातली फट, तपासायला हवा.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवायची चूक करू नका. पुष्कळ गाड्यांत गॅसवर चालतानाही टाकीतला पेट्रोल पंप फिरत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. राखीवच्या दिव्यावर गाडी महिनोन्‌महिने फिरवली की पंप जळतो. पाव टाकी कायम ठेवा. पण भरून ठेवून सहा महिने तसंच ठेवणंही वाईट. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आठवड्यातून एकदा पाच-सहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवली की इंजेक्टर मोकळे राहतात.

पिकअप पडतो, दहा टक्क्यांच्या आसपास. गॅस स्वतःच इनटेकमध्ये जागा व्यापतो, तेवढी हवा आत कमी येते. शहरात जाणवत नाही. खंबाटकीला भरल्या गाडीत ट्रकला मागे टाकायचं असेल तर बटण दाबून पेट्रोलवर घ्या आणि मगच बाहेर काढा. गॅसवर ओव्हरटेक सुरू करून मध्येच बटण शोधू नका.

सगळ्यात मोठी किंमत वेळेची आहे. ६० लिटरच्या टाकीत कागदोपत्री दहा किलो मावतो, प्रत्यक्षात आठच्या आसपास पडतो, कारण झटपट भरताना गॅस तापतो आणि दाखवलेला दाब थंड झाल्यावर उतरतो. ११ महिन्यांत ६२ वेळा पंपावर जावं लागलं, सरासरी २५ मिनिटं धरली तर २६ तास. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत चाळीस मिनिटंही लागतात. पंप कोणता हे महत्त्वाचं. पाइपलाइनला थेट जोडलेल्या पंपावर दाब टिकतो. जिथे ट्रकवरून सिलिंडरांची चळत आणून गॅस विकतात, तिथे चळत संपत आली की १५०-१६० बारलाच भरणं थांबतं आणि साडेसहा किलोवर समाधान मानावं लागतं. अशा पंपावर रांगेत लागण्याआधी पुढच्या गाडीच्या वेळी मीटरवरचा दाब बघून घ्या. पहाटे सहाच्या आत किंवा रात्री साडेदहानंतर गर्दी कमी, गॅस थंड, दाब पुरा. भरताना सगळ्यांनी उतरायचं, इंजिन बंद, मोबाइल खिशात. नोझल लावल्यावर फुस्स असा आवाज थांबला नाही तर नोझलवरची रबरी रिंग झिजलेली असते, भरणाऱ्याला ती बदलायला सांगा. त्यांच्याकडे दुसरी असते.

दराच्या भरवशावरही राहू नका. सीएनजी स्वस्तच राहणार, असं लेखी कोणी दिलेलं नाही. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला आणि मुंबईत दर ६६ वरून ६० झाला. युक्रेनच्या युद्धाने आयात गॅस भडकला आणि त्याच ऑगस्टमध्ये तो ८६ वर होता. एप्रिल २०२३ मध्ये देशी गॅसचं सूत्र बदललं तेव्हा ७९ वर उतरला. ज्यांनी ६० च्या दरावर किटचं गणित केलं, त्यांचं चार महिन्यांत कोसळलं. पुरवठ्याचंही तेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत मुख्य वाहिनीला इजा झाली आणि रिक्षा, टॅक्सी, खासगी गाड्या सगळ्या बंद पंपांसमोर उभ्या राहिल्या. त्या दिवसांत पाव टाकी पेट्रोल असलेली गाडी घरी पोहोचली.

महिन्याला १,००० किलोमीटरच्या वर आणि बहुतेक फेऱ्या दहा किलोमीटरहून लांब असतील, घर-ऑफिसच्या वाटेवर पाइपलाइनचा पंप असेल, तर किट घ्या. महिन्याला ६०० चालत असेल तर वाढीव खर्च वजा जाता साडेआठशेही वाचत नाहीत आणि पैसे सुटायला सहा वर्षं लागतात. तोवर गाडीच विकायची वेळ येते.

कागदपत्रांत कसूर नको. गाडीतला हा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं नोंदवून घ्यावंच लागतं. त्यासाठी किटची मान्यता, टाकीचं चाचणी प्रमाणपत्र, बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी लागतं. विमा कंपनीला कळवा: किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, वर कर, एवढाच वाढीव हप्ता असतो. न कळवता अपघात झाला तर दावा अडकतो.

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी. मुदत संपली की पंपावर पट्टी बघून गॅस नाकारतात, आणि तो बरोबरच नाकारतात. चाचणीला टाकी गाडीतून काढून मान्यताप्राप्त केंद्रावर पाठवावी लागते, परत यायला दोन ते चार दिवस जातात. मुदतीच्या आधीच्या महिन्यात नंबर लावा आणि टाकी जवळपास संपलेली असताना द्या, कारण आतला उरलेला गॅस सोडूनच द्यावा लागतो. परत आल्यावर नवी तारीख कोरली आहे का ते बघा, व्हॉल्व्हच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, आणि पट्ट्याखालचं रबर नवीन घालून घ्या. जुनं रबर दाबून कडक झालेलं असतं.